तळवटाचे वजन

फार फार मागे, डोंगरांना अजून नावे पडायची होती तेव्हा, एका खोऱ्यात एक लहानसे राज्य होते. लहानथोरहो, ते नेमके कुठे होते ते मला विचारू नका. तिथे काय घडले तेवढे मी सांगतो.

त्या खोऱ्याच्या माथ्यावर एक मोठे तळे होते आणि तळ्यातून तीन पाट निघत. पहिला पाट पेठेत जाई. पेठेत विणकर आणि रंगारी राहत. त्यांचे कापड घाटापलीकडे जाई आणि तिकडून गहू, मीठ, लोखंड येई. दुसरा पाट मधल्या उतारावरच्या भातखाचरांना मिळे. तिसरा पाट सर्वांत लांबचा. तो वळणे घेत घेत खोऱ्याच्या तळाशी, तळवट नावाच्या गावी पोहोचे. तळवटातले लोक लव्हाळ्याच्या चटया विणत. पेठेतली थकलेली, म्हातारी माणसेही शेवटी तिथेच जाऊन राहत, कारण तिथली हवा उबदार होती आणि तिथे कुणी कुणाला घाई करत नसे.

राज्याचा राजा तरुण होता आणि मनाने सरळ होता. त्याच्या बापाने मनाला येईल त्याला पाणी दिले होते. ज्याने गोड गाणे ऐकवले त्याचे खाचर भिजले, ज्याचा मुजरा चुकला त्याचे वाळले. वाळलेल्या खाचराच्या कडेला गुडघ्यांत डोके घालून बसलेली माणसे राजाने लहानपणी पाहिली होती. म्हणून गादीवर बसताना त्याने सर्वांसमक्ष शपथ घेतली.

"मी माझ्या मनाने कुणाला काही देणार नाही आणि कुणाचं काही काढून घेणार नाही. राज्य चालवताना माझं मन मी दाराबाहेर ठेवीन."

लोकांना हे फार आवडले. म्हातारी माणसे म्हणाली, असा राजा आम्ही पाहिला नव्हता.

काही वर्षे बरी गेली. मग एका वर्षी पावसाने पाठ फिरवली. तळे निम्म्यावर आले. तीन पाटांना पुरेल एवढे पाणी उरले नाही. एक पाट बंद करणे भाग होते.

कोणता बंद करायचा? राजा सात दिवस गप्प बसून राहिला. पेठेचे नाव जिभेवर आले की वाटे, हे मी म्हणतो आहे, माझे मन म्हणते आहे. खाचरांचे नाव आले की तेच. तळवटाचे आले की तेच. शपथ मोडायची नव्हती आणि पाणी तर रोज बोटभर खाली जात होते.

आठव्या दिवशी, भर दुपारी, एक पाथरवट राजवाड्याच्या दाराशी आला. ऊन असे होते की दगडावर हात ठेववत नव्हता, पण त्याच्या अंगावर घामाचा टिपूस नव्हता.

तो म्हणाला, "महाराज, मी तुम्हाला एक तराजू करून देतो. त्याला दोन पारडी. एका पारड्यात हा पाट बंद केल्याचं दुःख, दुसऱ्यात तो पाट बंद केल्याचं दुःख. जे पारडं वर जाईल ते दुःख हलकं. तो पाट बंद करायचा."

राजाला वाटले, देवच पावला. त्याने पाथरवटाला चौकात जागा दिली. तीन दिवस पाथरवट काळा दगड घडवत होता. हातोडा छिन्नीवर पडताना दिसे, पण आवाज येत नसे. वाड्यातल्या बायका पाणी आणायला त्या चौकातून जाणे टाळू लागल्या.

चौथ्या दिवशी तराजू उभा राहिला. त्याच्या खाली झाकणाची एक दगडी पेटी होती. पाथरवट राजाला म्हणाला, "आता या पेटीत खडे घालायचे. राज्यातल्या प्रत्येक माणसामागे एक खडा. कुणाचा खडा केवढा, ते सांगा."

"म्हणजे?"

"कुणाचं दुःख किती जड, ते आधी सांगायला हवं. त्यावाचून तराजू तोलणार काय?"

राजा दोन पावले मागे सरला. "तेच तर मला सांगायचं नाही. तू सांग."

"मी इथलं पाणी प्यालो नाही, महाराज."

"मग ते आपोआप ठरू दे."

पाथरवटाने पेटीचे झाकण उघडून धरले. "आपोआप काही ठरत नसतं," तो म्हणाला. "कुणाला तरी बोलावं लागेल."

तेव्हा प्रधान पुढे झाला. प्रधान वाईट माणूस नव्हता, हे मी आधीच सांगून ठेवतो. तो पहाटे उठे, कुणाकडून फुकटचे फळसुद्धा घेत नसे. तो म्हणाला, "महाराजांनी काळजी करू नये. मी सांगतो."

"तुमचं बोलणं माझ्या कानावर येऊ देऊ नका," राजा म्हणाला, आणि चौकातून निघून गेला.

संध्याकाळपर्यंत पेटी भरली, झाकण बसले. पाथरवट गेला. त्याने मजुरी मागितली नाही, आणि त्याला जाताना पाहिले असे दारावरचा एकही पहारेकरी म्हणाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तराजू तळ्याच्या बांधावर नेला. सगळे राज्य जमले. राजाने मोठ्याने विचारले, "कोणता पाट बंद करू?" तशी पेटीत खळखळ झाली. आत कुणीतरी हात घालून खडे निवडते आहे असा तो आवाज होता. मग दांडी हलली. पेठेसमोर आणि खाचरांसमोर, दोन्ही वेळा तळवटाचे पारडे असे वर गेले, जणू त्यात काही नव्हतेच.

तिसऱ्या पाटाचे दार पाडले. लोक पांगताना एकमेकांना सांगत होते, की बरे झाले, यात कुणाचा वशिला नाही, कुणाची मर्जी नाही. तळवटाच्या लोकांनाही काय बोलावे ते सुचले नाही. माणसाशी भांडता येते, दगडाशी काय भांडणार?

चौथ्या दिवशी तळवटाची सुईण राजाला भेटायला आली. तिचे नाव येसाक्का. चाळीस वर्षांत तळवटात जन्मलेले जवळजवळ प्रत्येक मूल तिने पहिल्यांदा हातात घेतले होते. मूल हातात आले की त्याच्या वजनावरून तिला कळे, हे तगेल की नाही.

राजाने तिला बसायला दिले. तिने सांगितले ते सगळे ऐकून घेतले. गावाबाहेरच्या लहानशा झऱ्यावर दिवसभर रांग लागते, लव्हाळे पिवळे पडू लागले, म्हाताऱ्यांना लांब चालवत नाही.

"येसाक्का, मला वाईट वाटतं," राजा म्हणाला. "पण हे मी ठरवलेलं नाही. तराजूने ठरवलंय."

"तराजूत आमचं वजन कुणी घातलं, महाराज?"

राजाने बांधाच्या दिशेने बोट दाखवले. "तो तराजू आहे," तो एवढेच म्हणाला. "त्याला आपलं-परकं नाही."

येसाक्का उठली. दारापर्यंत गेली, वळली आणि म्हणाली, "माझ्या मुलीचे दिवस भरत आलेत. पाणी नसेल तर मी तिला काय सांगू?" मग उत्तराची वाट न पाहता ती निघून गेली.

पंधरा दिवसांनी तिची मुलगी बाळंत झाली. मूल रडले. नाक-डोळे नीट होते, रंग चांगला होता. येसाक्काने त्याला ओल्या फडक्यात घेतले. फडक्याचे वजन हाताला लागत होते. तिने फडके बाजूला केले. मूल हातावरच होते, पाय झाडत होते, पण हाताला काही लागत नव्हते.

तिने मुलीला काही सांगितले नाही. मुलाला पदराने आपल्या छातीशी बांधले आणि बाहेर येऊन अंगणात उभी राहिली. झऱ्याकडून बायका घागरी घेऊन येत होत्या. वाटेवर बोटभर धूळ होती. सात-आठ बायका त्या धुळीतून चालत आल्या आणि गेल्या. त्यांच्यामागे धूळ होती तशीच राहिली. पाऊल एकही उमटले नाही.

त्यानंतर तळवटात कुणी मोठ्याने बोलेनासे झाले. आयांनी मुलांच्या अंगरख्यांच्या काठात गोटे शिवले. तान्ह्यांना दाराच्या चौकटीला दोरीने बांधून ठेवू लागले, कारण वारा सुटला की ती जमिनीवरून वीतभर वर उठत. म्हातारी माणसे भिंतीला धरून चालत. चटया विकायला पेठेत गेलेले लोक दिवसभर रस्त्याच्या कडेला बसत आणि त्यांच्याकडे कुणी पाहत नसे. एखादी बाई समोर वाकून चटई उचले, निरखून पाही, काखेत मारून चालू लागे. समोर कुणी बसले आहे हे तिला दिसतच नसे. हाक मारली तर ती कानावरची माशी झटकावी तसा हात हलवी.

या गोष्टी वर राजवाड्यात पोहोचल्या नाहीत. पोहोचवायला जे गेले त्यांना पहारेकऱ्यांनी पाहिले नाही.

पुढच्या वर्षी भाताची कापणी होईपर्यंत तळे कसेबसे पुरले. मग उन्हाळा आला आणि उरलेले पाणी एकाच पाटापुरते राहिले. पुन्हा तराजू बांधावर आला, पुन्हा पेटीत खळखळ झाली. या वेळी खाचरांचे पारडे वर गेले. शेतकरी काही बोलले नाहीत. गेल्या वर्षी तळवटाच्या वेळी तेही बोलले नव्हते.

महिन्याभरात पेठेत एक विचित्र गोष्ट दिसू लागली. कोठारातली भाताची पोती भरलेली होती, पण एक थकलेली दळणारीण पोते एका हाताने उचलून चालू लागली. ते पाहून शेजारणी हसल्या. मग तो भात शिजला. लोकांनी पोटभर खाल्ला आणि पानावरून उठताना त्यांना तेवढीच भूक होती जेवढी बसताना होती. दुसऱ्यांदा वाढून घेतले, तिसऱ्यांदा घेतले. तोंडाला चव लागे, घशाखाली घास उतरे, आणि पोट रिकामे राही. विणकर माग सोडून पुन्हा पुन्हा चुलीकडे जाऊ लागले.

राजाच्या पानातही तोच भात होता. तो तीन दिवस जेवला आणि तीन दिवस उपाशी राहिला. चौथ्या दिवशी त्याने प्रधानाला विचारले, "हे काय होतंय?"

"मला कळत नाही," प्रधान म्हणाला. "तराजू म्हणतो राज्याचं भलं होतंय."

"राज्य म्हणजे कोण?" राजाने विचारले. तो प्रश्न त्याने प्रधानाला केला की स्वतःला, ते प्रधानाला समजले नाही.

त्याच दुपारी राजा एकटाच खाली निघाला.

खाचरांत शेतकरी भेगाळलेल्या मातीत बसले होते. प्रत्येकाने बांधावरच्या झुडपाची एकेक फांदी धरून ठेवली होती. राजाने रामराम केला. त्यांनी ओठ हलवले. त्याला काही ऐकू आले नाही. त्याने जवळ जाऊन कान लावला, तेव्हा फार लांबून आल्यासारखे शब्द आले, "जपून जा महाराज, वारा पडलेला नाही."

तळवटाची वाट धुळीची होती. राजाने मागे वळून पाहिले तर त्याची स्वतःची पावले खोल उमटली होती. पुढे पाहिले तर वाटेवरून माणसे येत-जात होती आणि धूळ सपाट होती, विणून अंथरल्यासारखी. परत फिरावे असे त्याला वाटले, हे त्याने पुढे स्वतःच लोकांना सांगितले. पण तो फिरला नाही.

गावात दाराच्या चौकटींना दोऱ्या बांधल्या होत्या आणि दोऱ्यांच्या टोकांना मुले होती. ती रडत नव्हती. येसाक्का आपल्या उंबऱ्यात बसली होती. तिने राजाला ओळखले. ती उठली नाही, पण तिने छातीवरची गाठ सोडली आणि मूल त्याच्यासमोर धरले.

"घ्या."

राजाने हात पुढे केले. येसाक्काने मूल त्याच्या हातांवर ठेवले. मुलाने त्याचे बोट धरले, त्याच्याकडे टक लावून पाहिले. राजाचे हात रिकामे असावेत तसे हलके होते.

"नाव काय याचं?" त्याने विचारले.

"बारसं केलं नाही. नाव ठेवायचं आणि मग वाऱ्याने न्यायचं. त्यापेक्षा नको म्हणाली लेक."

तेवढ्यात गावाच्या टोकाला धुळीचा खांब उठला. वावटळ फार मोठी नव्हती. झऱ्याकडून रखमाजी नावाचा म्हातारा एका हातात लोटा घेऊन येत होता, दुसरा हात भिंतीवर होता. जिथे भिंत संपत होती तिथे त्याने पुढचे घर गाठायला चार पावले टाकली. वावटळ त्याच्यावरून गेली. म्हातारा हळूच वर उठला. वाळलेले पान उठावे तसा. त्याने ओरडून कुणाला बोलावले नाही. छपरांच्या वर गेल्यावर त्याने एकदा खाली पाहिले, लोटा हातातून सुटला, आणि मग तो डोंगराच्या बाजूला दिसेनासा झाला.

गावात कुणी धावले नाही. एक बाई दारातून बाहेर आली, पडलेला लोटा उचलला आणि त्यात पाणी राहिले आहे का ते पाहिले.

"त्यांची बायको," येसाक्का म्हणाली. "हे अकरावं माणूस."

राजा उंबऱ्याशी खाली बसला. मूल अजून त्याच्या हातात होते. तो म्हणाला, "मला कुणावर अन्याय करायचा नव्हता. म्हणूनच मी काही ठरवलं नाही."

येसाक्का म्हणाली, "महाराज, मी सुईण आहे. कधी कधी अशी वेळ येते की आई आणि मूल, दोघांतलं एकच हाती लागणार असतं. तेव्हा मी तराजू मागवत नाही. मी ठरवते. मग बाहेर येऊन घरच्यांना सांगते, मी असं केलं, या कारणानं केलं. काही घरं अजून मला दारात उभी करत नाहीत. त्यांचं बरोबर असेल. मलाही रात्रंदिवस ते आठवतं. पण त्यांना ठाऊक असतं, कुणाला विचारायचं. आम्ही कुणाला विचारू?"

राजाने मूल तिच्याकडे परत दिले आणि तो वर गेला.

ऊन कलले होते तेव्हा तो बांधावर पोहोचला. त्याने प्रधानाला बोलावले आणि पेटीचे झाकण काढले. आत खडे होते. विणकरांचे खडे मुठीएवढे होते. शेतकऱ्यांचे सुपारीएवढे. तळवटाचे खडे त्याला आधी दिसलेच नाहीत. ते कोपऱ्यात होते, राळ्याच्या दाण्याएवढे. त्याने फुंकर घातली असती तर ते उडाले असते.

"हे तुम्ही ठरवलंत?"

प्रधानाने मान खाली घातली. "कुणीतरी ठरवायला हवं होतं. मला पेठ दिसते. माझ्या खिडकीतून माग दिसतात. कापड गेलं की गहू येतो, हे मला कळतं. भातही कळतो. तळवटात मी कधी गेलो नाही. म्हातारी माणसं, तान्ही मुलं, चटया. त्यांनी राज्याला काय मिळतं, हे मला सांगता आलं नाही. मग मी लहान खडे दिले. मला ते फार साधं वाटलं, महाराज. मी काही ठरवतोय असंसुद्धा मला वाटलं नाही."

राजाने पाथरवटाच्या उरलेल्या दगडातून सगळ्यांचे खडे सारख्या मापाचे करून घेतले आणि पेटीत घातले. पुन्हा विचारले. पेटीत खळखळ झाली आणि तळवटाचे पारडे पुन्हा वर गेले. तळवटात माणसे सर्वांत थोडी होती.

मग राजाला कळले, की सारखे खडे हेही कुणीतरी ठरवलेलेच असतात. त्याने मनाशी ज्याला न्याय म्हटले होते तो पेटीत शोधून सापडणार नव्हता. जो काही असेल तो त्यालाच उभे राहून सांगावा लागणार होता. लहानथोरहो, त्या क्षणी त्याला जेवढी भीती वाटली तेवढी तळवटाच्या वाटेवरही वाटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने सर्वांना बांधावर बोलावले. तळवटाचे लोक एकमेकांना दोरीने बांधून आले. राजाने तिन्ही मापांचे खडे एका चादरीवर मांडले, सगळ्यांना दिसतील असे.

"गेली दोन वर्षं आपण या खड्यांनी राज्य केलं," तो म्हणाला. "ते मी पाहिले नाहीत, कारण मला पाहायचे नव्हते. तो दोष माझा आहे. आता मी माझ्या मनाने सांगतो. तहान कापडापेक्षा जड आहे. ज्याला लांब चालवत नाही त्याची तहान, चालू शकतो त्याच्या तहानेपेक्षा जड आहे. आजपासून उरलेलं पाणी आधी पिण्याला, तिन्ही पाटांना पाळीपाळीने, पहिली पाळी तळवटाची. त्यातून उरलं तर भाताच्या रोपांना. रंगाचे हौद बंद राहतील."

पेठेतून कुजबुज उठली. विणकरांचा मुकादम गोंदाजी पुढे आला. तो तडकाफडकी बोलणारा माणूस होता.

"हौद बंद म्हणजे कापड बंद. कापड बंद म्हणजे घाटापलीकडचा गहू बंद. मग तळवट तरी काय खाणार? आणि महाराज, तुम्ही शपथ घेतली होती. हे तर तुमच्या मनाचं झालं."

"हो, माझ्या मनाचं आहे," राजा म्हणाला. "आधीही ते कुणाच्या तरी मनाचंच होतं, गोंदाजी. फक्त पेटीत होतं, म्हणून आपल्याला ते दिसलं नाही. शपथ मी मोडली. माझं चुकत असेल तर इथेच सांगा. मी ऐकतो."

गोंदाजी भांडायच्या तयारीने आला होता. बहुधा त्याला असे उत्तर अपेक्षित नव्हते. मग तो हिशेबाने बोलू लागला. रंगाऱ्यांची चाळीस घरे. सगळे हौद बंद केले तर ती घाट उतरून जातील आणि परत येणार नाहीत. निळीचा एक हौद चालू ठेवला तर थोडे तरी कापड जाईल, थोडा तरी गहू येईल. एका हौदाला किती पाणी लागते तेही त्याने सांगितले. तळवटाच्या रांगेतून रखमाजीच्या बायकोने विचारले, तेवढ्या पाण्यात किती माणसे पितात. गोंदाजीने मान वर करून तिच्याकडे पाहिले. दोन वर्षांत पेठेतल्या माणसाने तळवटाच्या माणसाला पाहिले असे ते पहिल्यांदाच घडत होते. त्याने तिला खरे उत्तर दिले.

बोलणे दुपारपर्यंत चालले. शेवटी राजाने निळीचा एक हौद चालू ठेवला आणि त्यासाठी राजवाड्याच्या बागेचे पाणी तोडले. बागेतली झाडे त्याच्या आईने लावलेली होती. ती त्या उन्हाळ्यात जळाली.

पाऊस यायला आणखी चार महिने लागले. तोवर पेठ अर्धपोटी राहिली. रंगाऱ्यांची नऊ घरे घाट उतरून गेली. त्यातली एक बाई वाटेतच वारली, आणि तिच्या माणसाने राजाला निरोप पाठवला, की हे तुमचे करणे आहे. राजाने तो निरोप भर सभेत मोठ्याने वाचला आणि म्हणाला, "हो."

तळवटाच्या लोकांत आणि शेतकऱ्यांत वजन हळूहळू परत आले, भातही पुन्हा पोटाला लागू लागला. आधी घागरी जड वाटू लागल्या, मग पाय दुखू लागले, आणि पाय दुखतात म्हणून लोक आनंदाने रडले. एका सकाळी येसाक्काचा हात नातवाच्या ओझ्याने अवघडला. त्याच दिवशी तिने बारशाला गाव बोलावले. वाऱ्याने नेलेली अकरा माणसे मात्र परत आली नाहीत. राजा डोंगरापर्यंत माणसे घेऊन गेला, सात दिवस हिंडला. एक फाटका अंगरखा मिळाला, त्याच्या काठात गोटे शिवलेले होते.

प्रधानाने पद सोडायची परवानगी मागितली. राजाने दिली नाही. त्याने त्याला वर्षभर तळवटात राहायला पाठवले, आणि परत आल्यावर त्याच जागी बसवले.

पुढे पावसाळे चांगले होऊ लागले, तरी दर उन्हाळ्याआधी बांधावर सभा भरण्याची रीत पडली. कुणाची गरज किती जड, हे तिथे उघड्यावर बोलले जाई. एका वर्षी येसाक्का, तोवर पार वाकलेली, काठी टेकत उठली आणि म्हणाली, "यंदा आमचे झरे भरलेत. आमची पाळी रंगाऱ्यांना द्या." तळवटाचेच लोक तिच्यावर उलटले. पेठेतले काही तिच्या बाजूने बोलले, शेतकरी दोघांच्याही विरुद्ध बोलले, आणि भांडण सूर्य मावळेपर्यंत चालले. मग राजा उठला. त्याने निर्णय सांगितला, तो का घेतला ते सांगितले, आणि ज्यांना पटला नाही त्यांची नावे एकेक करून विचारून घेतली, म्हणजे पुढच्या वर्षी पहिल्यांदा त्यांनाच बोलता येईल.

तात्पर्य: कुणाचे दुःख किती जड हे ठरवल्यावाचून कुठलेच राज्य चालत नाही, म्हणून ज्याला ते ठरवायचे आहे त्याने ते झाकून न ठेवता, सर्वांसमोर आणि आपल्या नावाने ठरवावे.